हलतंय

मी बी.एस्सी. आहे. फिजिक्स, फर्स्ट क्लास. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांच्याबद्दल लिहायला बसलेय त्या सरांनी माझी मार्कशीट शेवटपर्यंत पाहिली नाही, आणि मीही ती दाखवायचा हट्ट शेवटपर्यंत सोडला नाही.

उत्तनला आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पप्पांची होडी, मम्मीचा मासळीचा धंदा. त्यामुळे भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यात मुलाखतीला गेले तेव्हा फाइल अशी छातीशी धरली होती, की कुणाला वाटावं आत बाळ आहे. सरांनी फाइल घेतली. उघडली नाही. तिची जाडी दोन बोटांत चाचपून पाहिली, खाली वाकले आणि टेबलाच्या एका पायाखाली सरकवली. टेबलावर काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला होता. त्यातल्या पाण्याकडे डोळे बारीक करून बघत म्हणाले, "आता बरं आहे. मघापासून हलतंय."

"सर, त्यात माझी मार्कशीट आहे."

"असू दे. जाडी बरोबर आहे."

मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. आजवर कशाकशाला कान लावलायस? मी घरून न्यूटनचे नियम घोकून गेले होते. पण सरळ प्रश्नाला सरळ उत्तर द्यायची आमच्या घरची सवय. म्हटलं, वल्ह्याला. आमच्याकडे घोळ माशाच्या मागावर गेले की जुनी माणसं मशीन बंद करतात, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडतात आणि दांड्याला कान लावतात. घोळ पाण्यात कुरकुरतो. ती कुरकुर लाकडातून वर येते. लहान असताना पप्पांनी मलाही ऐकवली होती.

सरांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "कशी होती?"

"पोट बिघडलेल्या माणसासारखी."

"उद्यापासून ये."

"आणि मार्कशीट?"

"ती राहू दे. काढली तर टेबल हलेल."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'बी.एस्सी.' झाले. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, शंका आहे. आणि त्यांच्याकडे एक हातभर लांबीची सागवानी दांडी होती, एक टोक मशिनीवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, म्हणजे आत कुठे काय थरथरतंय ते कळतं, तिचं नाव 'वल्हं' पडलं. ते नाव मात्र त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं.

सर टर्नटेबल बनवायचे. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. बाजारात मिळतं तसलं बाहुलीच्या खेळण्यासारखं नाही. एकेक यंत्र करायला वर्ष-दीड वर्ष, वजन दोन माणसांनी उचलायचं, आणि गिऱ्हाईक म्हणजे जगात कुठेतरी राहणारी त्यांच्याइतकीच वेडी माणसं. त्यातलं विज्ञान मी समजावून सांगू शकते, फुकट शिकलेले नाही. रेकॉर्डवरच्या रेषेत केसाहून बारीक नागमोडी वळणं असतात. सुई त्या रेषेतून जाताना हलते, त्या हलण्याची वीज होते आणि विजेचं गाणं. पण सुईला गाणं कळत नाही. तिला फक्त हलणं कळतं. खाली मोटर हलली, टेबल हललं, रस्त्यावरून डंपर गेला, सगळं तिला सारखंच. सर म्हणायचे, "सुई फार प्रामाणिक असते गं. जे हलेल त्याला गाणं समजते. म्हणून आपण बेइमानी करायची. गाण्याशिवाय काहीही तिच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही."

त्यांच्या मते आवाज दोन वाटांनी येतो, वाऱ्याने आणि हाडाने. वाऱ्याने येणारा त्यांना चालायचा. गाळ्याबाहेर कुणी भांडू दे, लग्नाचा डीजे वाजू दे. पण भिंतीतून, फरशीतून, टेबलाच्या पायातून चढत येणारा, त्यांच्या भाषेत 'हाडाने आलेला', तो दुश्मन. आयुष्यभर त्यांनी हाडाने येणाऱ्या आवाजाशी युद्ध केलं, आणि युद्धात माणूस जसा होतो तसेच ते झाले होते. संशयी.

गाळ्यात पंखा नव्हता. पंख्याचं बेअरिंग हलतं. मे महिन्यात मी ओल्या पंच्याने मान पुसत काम करायची आणि ते रबरी चपला घालून मांजरासारखे फिरायचे. मोबाइल दाराबाहेर, कापसाने भरलेल्या डब्यात. जिथे सपाट जागा तिथे काठोकाठ भरलेला पेला. पाण्यावर वळी उठली की हातातलं काम टाकून शोध सुरू. शर्टाच्या खिशात पुठ्ठ्याच्या घड्या, वेगवेगळ्या जाडीच्या. केबिन रोडवरच्या हॉटेलात चहाला गेलो तर बसण्याआधी टेबल हलवून पाहायचे, खाली वाकायचे, पुठ्ठा लावायचे. वेटर ओळखायला लागले होते. एकाने तर दुसऱ्या टेबलाचं गिऱ्हाईक टेबल हलतंय म्हणून तक्रार करायला लागल्यावर आमच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "वो अंकल खाली हो जाए तो बोलता हूँ."

माणसांबद्दलही तेच. कुणाला चांगलं-वाईट म्हणायचे नाहीत. "माणूस ठीक आहे, पण बेअरिंग गेलंय." भाईंदरच्याच इंद्रलोक वसाहतीत राहायचे, एकटे. बायको होती कधीतरी. मी एकदाच विचारलं तर म्हणाले, "हलत होतं." कुणाचं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आता गाळ्याबद्दल. असल्या कामाला शहाणा माणूस तळमजला घेईल, शांत गल्ली बघेल. सरांनी मुद्दाम पहिला मजला घेतला होता, आणि तोही भांड्यांच्या कारखान्याच्या बरोबर वर. खाली पॉवर प्रेस. पत्र्याचा गोल तुकडा, वरून घण, धाड, झाली थाळी. दिवसभर धाड, धाड, धाड. पायाच्या तळव्यातून दातापर्यंत जायचं. मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, सर, हाच गाळा का? तर म्हणाले, "शत्रूच्या डोक्यावर बसलं की त्याची खोड कळते. इथे जे गप्प बसेल ते कुठेही गप्प बसेल."

प्रेसवाले शेठ भले गृहस्थ. त्यांनी कितीदा स्वतःहून विचारलं होतं, अंकल, तुम्हाला कधी टेस्टिंग असेल तर बोला, अर्धा तास प्रेस बंद ठेवतो. सर हात जोडायचे आणि नको म्हणायचे. वर येऊन मला सांगायचे, "जगाला गप्प बस म्हणावं लागलं तर मग यंत्र कशाला बनवलं? नुसतं हात जोडून बसायचं." सुट्टीच्या दिवशी प्रेस बंद असायची. त्या दिवशी ते चाचणी घ्यायचेच नाहीत. सुट्टीच्या दिवशी कुठलंही यंत्र शहाण्यासारखं वागतं, असं त्यांचं म्हणणं.

खालच्या कारखान्यामुळे आणखी एक ताप होता. रेकॉर्ड ज्या जड, गोल, फिरत्या तबकावर ठेवतात त्याला सर 'प्लॅटर' म्हणायचे. बाकी सगळं भाईंदर त्याला थाळी म्हणायचं. सर 'थाळीवाले अंकल'. शेठचा गाळा समजून लोक जिना चढून वर यायचे, लग्नात वाटायला थाळ्या बघायला. एका बाईंनी आमचा प्लॅटर दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "इतना भारी? खाना खाएगा कि कसरत करेगा?" मम्मीलाही मी काय करते ते शेवटपर्यंत पटलं नाही. शेजारणींसमोर म्हणायची, "थाल्याच करायच्या व्हत्या तं कालेज कशाला केलंस?"

पण पप्पांना काहीतरी कळलं होतं. यंत्राच्या बैठकीसाठी सरांनी सगळं करून पाहिलं होतं: सागवान, बिडाचं लोखंड, स्वयंपाकाच्या ओट्याचा काळा कडप्पा. बोटाच्या पेराने ठोकून बघायचे. टण वाजलं की बाद. पोत्यावर थाप मारल्यासारखं ठप वाजलं की खूश. एकदा कडप्प्याच्या पोटात पोकळ्या करून त्यात शिसं भरायचं ठरलं. मी पप्पांना सांगितलं. त्यांनी जुन्या जाळ्यांच्या शिशाच्या गुंड्या पिशवी भरून दिल्या. त्या भरल्यावर सरांनी बैठक ठोकली, आणि आवाजच आला नाही. दगड मेल्यासारखा पडून राहिला. सरांनी त्या दिवशी मला केबिन रोडला नेऊन शेवपुरी खायला घातली. उभ्या-उभ्या, अर्थात. गाडीवाल्याची बाकडी हलत होती.

आणि एक चीज होती, जिचं नाव काढलं तरी सर तोंड वाकडं करायचे. थरथऱ्या. स्पीकरचं नुसतं पोट, कागदी पडदा काढून टाकलेलं, वर पितळी टोपी. त्यात आवाज सोडला की तो ऐकू येत नाही, पण ज्याला बांधाल त्याला थरथरवतो. चाचणीसाठी तो टेबलाला आवळायचा, टेबल थरथरवायचं आणि सुईपर्यंत किती पोचतं ते बघायचं. सरांना तो लागायचा पण हात लावायला आवडायचा नाही. काम झालं की माझ्याकडे न बघता म्हणायचे, "त्याला झाक."

अशा माणसाकडे बाई आल्या.

मिरा रोडला पूनम सागर सोसायटीत राहायच्या. दादरच्या शाळेत शिकवण्यात जन्म गेला, निवृत्तीनंतर मुलाबरोबर इकडे आल्या. वय ऐंशीच्या पुढे. रिक्षातून एकट्या आल्या, जिना थांबत-थांबत चढल्या, आणि पिशवीतून जुनी नऊवारी काढली. साडीच्या घड्यांत एक काळी तबकडी होती. कारखान्यात छापलेली रेकॉर्ड नव्हे. पूर्वी स्टुडिओत जाऊन स्वतःचा आवाज कोरून घेता यायचा, ती. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर काळा थर, आणि त्या थरात एकुलता एक आवाज. बाईंच्या धाकट्या भावाचा. गाण्याला चाल त्याचीच. त्यानंतर वर्षाच्या आत तो तापाने गेला. आईने तबकडी ट्रंकेत टाकली आणि घरात पुन्हा कुणाला लावू दिली नाही. आई गेली, घर गेलं, घरातला ग्रामोफोन गेला. तबकडी राहिली.

सरांनी तिला हात लावला नाही. बॅटरीच्या उजेडात तिरकी धरायला मला सांगितलं. काठाला थराचे पोपडे सुटायला लागले होते.

"बाई, ही एकदाच वाजेल. सुई गेली की मागून हा थर उठेल."

"मग एकदा वाजव."

"एकदाच वाजणार, म्हणून तर आज नाही."

मी म्हटलं, वाजताना लॅपटॉपवर रेकॉर्ड करून घेऊ, म्हणजे कायमचं राहील. सर माझ्यावर उखडले. त्यात खालच्या प्रेसची धाड आली तर तीही कायमची राहील ना? पोराच्या गळ्यात घण घालून ठेवणार का जन्मभर? बाई दोघांकडे आलटून पालटून बघत होत्या. मग शाळेत मुलाला सांगतात तशा सरांना म्हणाल्या, ठीक आहे, नीट कर, पण उगाच टंगळमंगळ नको. सर मान खाली घालून हो म्हणाले. त्यांना असं कुणी बोललेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

या तबकडीसाठी सरांनी नवं यंत्र उभं केलं. मोटर वेगळी, तिच्या स्वतःच्या खांबावर, आणि प्लॅटर फिरवायला मधे फक्त रेशमी दोरा. बेअरिंगचं टोक एका बारक्या गोळीवर, तेलाच्या पापुद्र्यावर तरंगणारं. प्लॅटरसाठी खास ओतीव काम करून घेतलं, लेथवर कातून घेतलं, मग हाताने तोल साधत बसले. बोटाने जिथे ढकलाल तिथेच थांबायचा, इकडे-तिकडे झुकायचा नाही. शेवटचा एक हात लेथवाल्याकडे मारायचा राहिला होता. तेवढ्यासाठी पाठवला.

लेथवाल्याचा पोऱ्या प्लॅटर परत घेऊन आला तेव्हा आम्ही चहाला गेलो होतो. त्याने तो खाली शेठकडे ठेवला. शेठनी पाहिलं, थाळी चांगली जाड आहे, पण काळपट, अंगावर लेथच्या रेषा तशाच. त्यांच्या लेखी अर्धवट माल. शेजारधर्म म्हणून त्यांनी आपल्या सगळ्यात चांगल्या कारागिराला बसवलं आणि बफिंग मारून घेतलं. स्वतः घेऊन वर आले, कागदात गुंडाळून, आहेर आणल्यासारखे.

"अंकल, आपकी थाली चमका दी. अब देखो."

सरांनी कागद उघडला. प्लॅटरमध्ये त्यांचा चेहरा दिसत होता. माझाही. शेठचाही, हसरा. कडा गोल झाल्या होत्या, बफिंगच्या चाकाने एका अंगाला जास्त खाल्लं होतं. सरांनी तो बेअरिंगवर ठेवला, बोटाने ढकलला. तो फिरला, थांबला, आणि जड बाजूला हळूच परत आला.

"हलतंय," सर म्हणाले.

शेठना मराठी पुरेसं कळायचं. "हां, हलेगा ना, घूमने का चीज है," ते म्हणाले.

मला वाटलं आता गाळ्यात खून पडणार. सरांनी शेठना बसवलं, चहा मागवला, चमक चांगली आली म्हणून सांगितलं. शेठ गेल्यावर मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "त्याच्याकडे वस्तू पुरी झाली की चमकते. तो आपली अर्धवट वस्तू पुरी करून द्यायला आला होता. त्याला काय बोलणार?" त्या दिवशी टेबलावरच्या पेल्यात वळ्या उठत होत्या, पण त्यांनी शोधाशोध केली नाही.

नवं ओतीव काम मागवलं. पण सरांचा नियम होता, ओतीव काम मुरू द्यावं लागतं. आलं की लगेच कातायचं नाही. आतला ताण निघेस्तोवर महिनोन् महिने नुसतं पडू द्यायचं, लोणच्यासारखं. शास्त्राने ते बरोबर आहे. पण तिकडे बाईंचे कान चालले होते.

मी त्यांच्याकडे अधूनमधून जायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कानाची नस शाबूत आहे, आतलं इवलंसं हाड धरलंय, हलत नाही. ऑपरेशनने सुटलं असतं, पण हृदय तेवढं सहन करणार नाही. कानाला यंत्र लावून काही महिने निभावलं, मग तेही पुरेना. बाई हसून सांगायच्या, "आधी दाराची बेल गेली, मग कुकरची शिट्टी. परवापासून सुनेचं बोलणंही गेलं. प्रत्येक गोष्टीत वाईटच असतं असं नाही." आणि लगेच, माझ्या ओठांकडे नीट बघत, "झालं का गं त्याचं?"

मी दरवेळी मान हलवायची. नाही.

एका दुपारी मी सरांना तोंडावर बोलले. म्हटलं, सर, तुमचा प्लॅटर मुरेल तोवर बाई मुरतील. तुम्ही यंत्र गप्प करताय आणि त्यांच्या कानात आपोआप सगळं गप्प होतंय. कुणासाठी चाललंय हे? ते म्हणाले, "घाईत केलेलं हलतं." मी म्हटलं, "हलू दे ना मग थोडं." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये नाचले. आम्ही दोन दिवस कामापुरतंच बोललो. मी राजीनामा लिहायला घेतला होता. बी.एस्सी. झालेल्या माणसाला नोकऱ्या मिळतात.

शेवटी प्लॅटर आला, बसला. सरांनी थरथऱ्या टेबलाला आवळला, चाचण्या सुरू केल्या. रोज तेच. सुईपर्यंत जवळजवळ काही पोचत नव्हतं. जवळजवळ. त्या एका शब्दावर ते अडून बसले होते. मला आलेखात काही दिसेना, पण ते वल्हं कानामागे लावून डोळे मिटायचे आणि मान हलवायचे. अजून हलतंय.

तशाच एका सकाळी, खाली प्रेस जोरात चालू असताना, बाई आल्या. न कळवता. साडीत गुंडाळलेली तबकडी छातीशी धरलेली, मी पहिल्या दिवशी फाइल धरली होती तशी. खुर्चीत बसल्या, दम घेतला. सर पुढे झाले, हातवारे करून सांगायला लागले, अजून थोडं, पुढच्या महिन्यात. बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. आवाज नको तितका मोठा होता, स्वतःला ऐकू न येणाऱ्या माणसाचा.

"आज लाव. पुढच्या वेळी मी फक्त तबकडी फिरताना बघेन."

खाली धाड, धाड. सरांचे हात मधेच राहिले.

मी दाराकडे निघाले. शेठना सांगितलं असतं तर त्यांनी त्या क्षणी प्रेस थांबवली असती. "बी.एस्सी., बस," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. "इतके दिवस बाईंना थांबवलं ते याच प्रेससाठी. आता तिलाच बंद करायचं असेल तर हे सुट्टीच्या कुठल्याही दिवशी झालं असतं. तसं असेल तर त्यांचे कान मी फुकट घालवले." त्यांच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता. मला ते अजिबात पटलं नव्हतं. आजही पटत नाही. पण मी बसले आणि लॅपटॉपचं रेकॉर्डिंग सुरू केलं.

सरांनी हेडफोन बाईंच्या कानांवर स्वतः नीट बसवले. तबकडी ठेवली. दोरा ताणला, प्लॅटर फिरायला लागला. सुई खाली घेताना त्यांनी श्वास धरला होता, मीही. सुई रेषेत उतरली. माझ्या पडद्यावर आधी खरखर, आणि मग लाट उभी राहिली, भरघोस. तो गात होता. प्रेसची धाड माझ्या तळव्यांत येत होती, पडद्यावर नव्हती. एकही नव्हती. मी सरांकडे पाहिलं. त्यांनाही दिसलं होतं. त्या माणसाचं आयुष्य त्या क्षणी बरोबर ठरलं होतं.

"लावलंस का रे?" बाईंनी विचारलं.

सरांनी आवाजाची खुंटी फिरवली. आणखी फिरवली. हेडफोनमधून बाहेर, माझ्यापर्यंत ऐकू येत होतं आता, पातळ, तरुण आवाज. बाई फिरत्या तबकडीकडे बघत होत्या. मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. रडल्या नाहीत. हात मांडीवर घेतले, एकावर एक, वर्गात उत्तर येत नसलेल्या मुलासमोर वाट बघत बसावं तसे.

सुईच्या मागे काळ्या थराचा पहिला पोपडा उठला आणि गळून पडला.

"वल्हं," सर म्हणाले.

मला एक क्षण कळेना. त्यांनी हेडफोनची पिन उपटली आणि त्या जागी थरथऱ्याची पिन घातली. सकाळच्या चाचणीपासून तो टेबलाला आवळलेलाच होता. ज्या टेबलावर यंत्र होतं, ज्यावर तबकडी फिरत होती, त्याच टेबलाला. मी त्यांचं मनगट धरलं. "सर, टेबल हलेल."

"हलू दे."

त्यांनी आवाज सोडला. टेबलाची फळी माझ्या हाताखाली जिवंत झाली. मी वल्ह्याचं एक टोक थरथऱ्याच्या पितळी टोपीवर टेकवलं, बाईंच्या कानावरचे हेडफोन खाली ओढले आणि दुसरं टोक त्यांच्या कानामागच्या हाडावर धरलं. त्या दचकल्या. मग त्यांचा हात वर आला आणि माझ्या हातावरून वल्हं त्यांनी स्वतःच घट्ट दाबलं.

सर त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, ओठ दिसावेत म्हणून. आयुष्यभर ज्या शब्दावर त्यांनी माणसं, टेबलं, लग्नं बाद केली, तोच त्यांनी विचारला.

"हलतंय का?"

बाईंनी डोळे मिटले होते. उघडले नाहीत, त्यामुळे त्यांना प्रश्न दिसलाच नाही. तरी त्या बोलल्या.

"हलतंय," त्या म्हणाल्या. "हलतंय रे. हा बघ, मधेच श्वास घेतला. सांगितलं होतं मी त्याला, ओळीच्या मधे श्वास घेऊ नकोस."

सर उठले नाहीत. यंत्राचा सुई धरणारा हात थरथरत्या टेबलावर बगळ्यासारखा निश्चल उभा होता, पण ते त्याच्याकडे बघत नव्हते. टेबलाच्या कडेला नेहमीचा पेला होता, काठोकाठ भरलेला. त्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठत होत्या, पसरत होत्या, आणि ओळीच्या मधेच, तो श्वास घ्यायचा तिथे, क्षणभर थांबत होत्या.